तीन चौकटी आणि गोकुळा

नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात कुमुदकाकू नावाच्या एक बाई राहत होत्या. फार नेमधर्माच्या. दर चातुर्मासात त्या काहीतरी नेम धरत आणि तो तडीस नेत. एका वर्षी चहा सोडला. एका वर्षी मौनाने जेवल्या. एकदा तर चार महिने पायांत चप्पल घातली नाही, आणि तेव्हा टाचांना पडलेल्या भेगा पुढे काही भरून आल्या नाहीत. वय वाढलं, गुडघे कुरकुरू लागले, तसं त्यांना वाटायचं, देवा, आता पुरे कर. पण आषाढी एकादशी उजाडली की हात आपोआप जोडले जात.

त्या वर्षी काकूंनी नेम धरला की चार महिने खोटं बोलायचं नाही, आणि खोटं लिहायचंही नाही.

ऐकायला सोपा वाटतो, नाही का? पण घर चालवणाऱ्या बाईला दिवसातून किती वेळा खोटं बोलावं लागतं, ते तिचं तिलाच ठाऊक. मला भूकच नाही. माझं काही दुखत नाही. साडी आवडली हो. पहिल्याच आठवड्यात मुलाचा फोन आला, "आई, बरी आहेस ना?" काकू म्हणाल्या, "नाही रे. दमलेय." बिचारा इतका घाबरला की त्याने शेजाऱ्यांना सांगून डॉक्टरच घरी पाठवला.

गावात ग्रामदेवीच्या देवळाचं एक सेवा मंडळ होतं. दर वर्षी गणपती गेले की मंडळ मोतीबिंदूचं शिबिर भरवायचं. शहरातले डॉक्टर येत, डोळे तपासत, आणि ज्यांचं ऑपरेशन करायचं त्यांना त्याच संध्याकाळी गाडीत बसवून रुग्णालयात नेत. नावनोंदणी मात्र मंडळाच्या वेबसाइटवर. आता डोळ्यांनी अधू झालेल्या माणसांना ते कसं जमावं? म्हणून सभामंडपात एक टेबल मांडलं होतं, त्यावर लॅपटॉप, आणि त्यामागे कुमुदकाकू. लोक सांगत, काकू भरत. दुपारभर बसून पाठ धरायची, पण देवीचं काम म्हणून त्या कधी नाही म्हणाल्या नाहीत.

वेबसाइट केली होती मंडळाच्या अध्यक्षांच्या पुतण्याने, सुमेधने. मुलगा गुणी. आदल्या वर्षी लोकांनी नावाच्या जागी वाटेल ते भरलं होतं. कोणी 'अबक' लिहिलं, कोणी सिनेमातल्या नटाचं नाव टाकलं, एकाने तर नुसतंच 'आजी'. गाडीत जागा राखून ठेवल्या आणि माणसं आलीच नाहीत. डॉक्टर रागावून गेले. म्हणून या वर्षी सुमेधने नावाला चांगलं कुलूपच घातलं. तीन चौकटी. पहिलीत नाव, दुसरीत वडिलांचं किंवा पतीचं नाव, तिसरीत आडनाव. तिन्ही भरल्याच पाहिजेत. टिंब चालणार नाही, आकडा चालणार नाही, एकटं अक्षर चालणार नाही. काही चुकलं की खाली तांबडी ओळ उमटायची, 'कृपया योग्य नाव भरा.'

आपल्याकडे माणूस तीन नावांनी ओळखला जातो, हे खरं. पण सगळीच माणसं काही तशी नसतात. ज्येष्ठात नोंदणी सुरू झाली तेव्हा मठातले एक बुवा आले. संन्यास घेताना ते बाप आणि आडनाव दोन्ही मागे ठेवून आले होते. दवाखान्यातल्या परिचारिकेची आई आली, मूळची केरळची. तिच्या नावाला आडनाव नव्हतंच, पुढे फक्त एक अक्षर होतं. नवऱ्याने टाकलेली एक बाई आली. नवऱ्याचं नाव तिला लावायचं नव्हतं, आणि बापाने तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. प्रत्येकाला तीच तांबडी ओळ.

काकूंनी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला. आडनाव नसेल तर गाव विचारायचं आणि त्याला 'कर' जोडून द्यायचा. वडिलांचं नाव नसेल तर 'दत्तात्रय' लिहायचं. देव सगळ्यांचाच बाप, त्यात काय बिघडलं? तांबडी ओळ जायची, माणूस आशीर्वाद देऊन घरी जायचा, आणि काकू मोकळ्या व्हायच्या.

मग एकादशी आली, नेम सुरू झाला, आणि हा तोडगा नेमात बसेना. पुढे काही दिवस तीन नावांचीच माणसं आली, ही देवीची कृपा म्हणायची.

आणि एके दुपारी गोकुळा आली.

गोकुळा शेजारच्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. पन्नाशी उलटलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लहानपणी गोकुळाष्टमीला अनाथाश्रमाच्या पायरीवर सापडली, म्हणून तिथल्या बाईंनी तिला गोकुळा म्हटलं. लग्न तिने केलं नाही. आधार कार्डावरही तिचं नाव तेवढंच, गोकुळा. सरकारला ते चाललं होतं.

"ताई, एवढं काम करा," ती टेबलाची कडा चाचपत म्हणाली. "परवा भातात खडा निघाला. वसतिगृहाच्या बाईंनी सांगितलंय, पुन्हा निघाला तर दुसरी बाई बघते. त्या काही पुढच्या वर्षाच्या शिबिरापर्यंत थांबायच्या नाहीत."

काकूंनी पहिल्या चौकटीत 'गोकुळा' लिहिलं आणि पुढे गेल्या. तांबडी ओळ आली.

"काय म्हणतंय ते?" गोकुळाने विचारलं.

काकूंना खोटं बोलता येईना. "योग्य नाव भरा म्हणतंय."

"म्हणजे माझं योग्य नाही?"

सवयीने काकूंचं बोट 'द' या अक्षराकडे गेलं आणि तिथेच थांबलं. रांगेत मागे पागोटेवाले एक आजोबा उभे होते. ते वैतागले.

"अहो काकू, माझ्या मेव्हण्याला नाही का तुम्ही 'कर' लावून दिलात? ह्यांनाही द्या लावून. मला घरी जाऊन गोळी घ्यायचीय."

"माझा नेम आहे हो, आजोबा. खोटं लिहायचं नाही."

"नेम तुमचा आणि ताटकळायचं आम्ही?" आजोबा म्हणाले, आणि रांग हसली.

सुमेधला फोन करावा, असं काकूंच्या मनात आलं. पण फोन करायचा, त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं, मग तो म्हणणार, बघतो काकू. नुसत्या विचारानेच त्यांना शीण आला. ऊन उतरलं होतं, पाठ ठणकत होती. आणि एकदम त्यांना सुचलं. चौकटीला अक्षरंच हवी आहेत ना? मग खरं तेच अक्षरांत लिहू. दुसऱ्या चौकटीत त्यांनी लिहिलं, 'वडील माहीत नाहीत'. तिसरीत लिहिलं, 'आडनाव नाही'. तांबडी ओळ नाहीशी झाली. 'नोंदणी झाली', असं हिरव्या अक्षरांत आलं.

"झालं का? काय लिहिलंत?"

"जे खरं तेच लिहिलंय," काकू म्हणाल्या. हेही खोटं नव्हतं. पण लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं नाही, आणि गोकुळाला तर दिसत नव्हतं. ती हात जोडून निघून गेली. त्या संध्याकाळी काकूंनी देवापुढे एक वात जास्त लावली. नेमही राहिला आणि बाईचं कामही झालं, या समाधानात त्यांना कधी नव्हे ती लवकर झोप लागली.

शिबिराचा दिवस आला. भाद्रपदातला उकाडा, सभामंडप माणसांनी भरलेला. यादी पुकारायला मंडपवाले गजाभाऊ. माइक त्यांचा, त्यामुळे पुकारायचा मानही त्यांचा. आवाज खणखणीत, आणि समोर जे लिहिलं असेल ते वाचून मोकळं व्हायचं, अर्थाच्या भानगडीत पडायचं नाही, असा स्वभाव. एकेक नाव घेतलं जात होतं, एकेक माणूस उठून पडद्याआड डॉक्टरांकडे जात होता.

आणि कर्ण्यातून आवाज आला, "गोकुळा, वडील माहीत नाहीत, आडनाव नाही!"

काकू कोपऱ्यात पाण्याचे पेले भरत होत्या. आपलीच अक्षरं त्यांनी गजाभाऊंच्या आवाजात ऐकली आणि हातातला तांब्या तसाच राहिला. कोणी उठलं नाही, म्हणून गजाभाऊंनी आणखी जोरात पुकारलं. अख्खं सगळं, पुन्हा एकदा.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. "हे रे कसलं नाव?"

गोकुळा उठली. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती पडद्याकडे गेली नाही. खांबाला धरून, भिंतीला धरून ती दाराकडे गेली, पायरी चाचपून उतरली आणि निघून गेली.

गजाभाऊंनी पुढचं नाव घेतलं.

काकू तशाच निघाल्या. गुडघे म्हणत होते, नको. एसटीचा थांबा काही लांब नव्हता, पण त्या दिवशी त्यांना तो दुसऱ्या गावी असल्यासारखा वाटला. गोकुळा तिथल्या बाकावर बसली होती, पिशवी पोटाशी धरून.

"गोकुळाबाई," काकू धापा टाकत म्हणाल्या, "मी कुमुद. टेबलावरची."

"आवाजावरून ओळखलं." गोकुळाने मान वळवली नाही. "राहिला ना तुमचा नेम?"

काकू बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

"राहिला," त्या म्हणाल्या. "आणि मी त्या दिवशी देवापुढे जास्तीची वात लावली. मला वाटलं, मी फार चांगलं काम केलं."

"आश्रमातल्या बाईंनी माझं नाव गोकुळा ठेवलं, ताई. एवढी वर्षं ते मला पुरलं. वसतिगृहातल्या पोरी त्याच नावाने हाक मारतात, दुकानदार त्याच नावाने सामान देतो. तुमच्या त्या यंत्राला तेवढं पुरलं नाही. बरं, नाही पुरलं तर मला परत पाठवायचंत. नाहीतर विचारायचंत, गोकुळा, असं असं लिहू का? मी नको म्हटलं असतं."

"हो. विचारायला हवं होतं."

एवढं बोलून काकू थांबल्या. आणखी काही सांगण्यासारखं होतं, पण ते सगळं स्वतःच्या बाजूचं होतं. त्यांनी फोन काढला आणि सुमेधला लावला. झालं ते सगळं सांगितलं, गोकुळाच्या देखत, काही न लपवता.

सुमेध म्हणाला, "पण काकू, यादीत तर सगळ्यांची तिन्ही नावं नीट दिसतात. मला वाटलं, नियम बरोबर चाललाय. एकाचीही तक्रार आली नाही."

"तक्रार कशी येईल रे? मीच इथे बसून लोकांना आडनावं वाटत होते."

"अहो काकू!"

"आता सांग, मागच्या दोन चौकटी रिकाम्या राहिल्या तरी चालेल, असं करायला किती वेळ लागेल?"

"समोर चहा आलाय. तो निवायच्या आत करतो. गोकुळाबाईंचं नावही यादीत दुरुस्त करतो." तो जरा ओशाळला होता. "आणि कोणी पुन्हा 'अबक' लिहिलं, तर फोन नंबर असतोच. आदल्या दिवशी फोन करून विचारेन, येणार आहात ना? हे आधीच करायला हवं होतं मी."

काकूंनी फोन ठेवला. गोकुळा थोडा वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग तिने विचारलं, "आडनावं वाटत होतात म्हणजे?"

काकूंनी तेही सांगितलं. "गावाला 'कर' लावायचा. आणि वडील सगळ्यांचे दत्तात्रय."

"सगळ्यांचे?"

"बुवांचे पण."

गोकुळाच्या ओठांचा कोपरा हलला. "म्हणजे मला खोटं लिहिलं असतंत, तर एका दमात एवढी भावंडं मिळाली असती!" ती हसली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसले.

तेवढ्यात धूळ उडवत एसटी आली. गोकुळाने पाटीकडे डोळे बारीक करून पाहिलं. तिला दिसलं नाही.

"कुठली गाडी आहे ही?"

ती गोकुळाच्याच गावची होती. काकूंच्या मनात लख्ख आलं, दुसरी आहे म्हटलं तर ही बाई इथेच बसेल. मग समजूत घालता येईल, डॉक्टर अजून आहेत, तिचे डोळे वाचतील, तिचं काम वाचेल. एका खोट्याने सगळं होईल. आणि या वेळी नेमाचं त्यांना काही वाटत नव्हतं. नेम मोडून त्याची जी शिक्षा व्हायची ती भोगायला त्या तयार होत्या. पण त्यांनी गोकुळाकडे पाहिलं. त्या दिवशी हिला दिसत नव्हतं म्हणून मी हिच्या पाठीमागे लिहिलं. आज दिसत नाही म्हणून हिच्या तोंडावर फसवू?

"तुमच्याच गावची आहे," काकू म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

गोकुळा उठली. एसटीच्या दाराकडे दोन पावलं गेली आणि थांबली.

"दुसरी म्हणाला असतात तर मला काय कळणार होतं?"

"काही कळलं नसतं."

कंडक्टरने आतून ओरडून विचारलं, "मावशी, येताय का? का फोटो काढायचाय गाडीचा?"

"जा बाबा तू," गोकुळा म्हणाली. गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत काकूही बाकावरून उठल्या होत्या.

"मी येते," गोकुळा म्हणाली. "पण माझं नाव पुन्हा पुकारायचं. त्याच माइकवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि एक सांगून ठेवते, माफीबिफी काही मागायची नाही तिथे. चुकलं, असं झालं, तसं झालं, काही नको. पुन्हा सगळे माझ्याकडे बघतील. नुसतं नाव."

"मीच पुकारते," काकू म्हणाल्या.

दोघी परत निघाल्या. या वेळी काकूंनी गोकुळाचा हात धरला होता, की गोकुळाने काकूंचा, ते सांगणं कठीण. एकीला दिसत नव्हतं आणि दुसरीला चालवत नव्हतं.

मंडपात शेवटची माणसं उरली होती. बाहेर गाडीत सामान चढत होतं. गोकुळा मागच्या रांगेत जाऊन बसली. काकू गजाभाऊंपाशी गेल्या आणि त्यांनी माइक मागितला.

"मी पुकारतो की," गजाभाऊ म्हणाले. त्यांनी मोबाइलमधली यादी पाहिली. "इथे नुसतं गोकुळा दिसतंय. पूर्ण नाव सांगा."

"हेच पूर्ण आहे."

गजाभाऊंनी खांदे उडवून माइक दिला. काकूंच्या हातात तो जड लागला. समोर सगळा मंडप होता. त्यांना सगळं सांगायचं होतं. मंडळी, मघाशी जे झालं ती माझी चूक. ते मी लिहिलं होतं. मला क्षमा करा. एवढं बोलून टाकलं असतं तर छातीवरचा धोंडा उतरला असता. लोक म्हणाले असते, काकूंचं मन किती मोठं. काकूंनी एक श्वास घेतला आणि ते सगळं गिळलं.

"गोकुळा," त्या म्हणाल्या.

"आले," मागून आवाज आला.

कोणी हसलं नाही. कोणी वळूनही पाहिलं नाही. लोक आपापल्या पिशव्या आवरत होते, एक बाई नातवाला लाडू भरवत होती. एक नाव पुकारलं गेलं आणि ज्या बाईचं ते नाव होतं ती उठून पडद्याआड डॉक्टरांकडे गेली, एवढंच झालं. संध्याकाळच्या गाडीत खिडकीजवळची जागा तिला मिळाली.

गाडी गेल्यावर काकू देवळाच्या पायरीवर बसल्या. उठायचं त्राण उरलं नव्हतं. देवीची आरती सुरू झाली, तरी त्या तिथेच बसून राहिल्या आणि बसल्या जागेवरूनच त्यांनी हात जोडले.

तात्पर्य: माणूस आपलं नाव जेवढं सांगेल तेवढंच ते पूर्ण मानावं, आपली चौकट भरावी म्हणून किंवा आपलं पुण्य राखावं म्हणून त्याला न विचारता त्यात एका अक्षराचीही भर घालू नये.